जुनी मोटार, चित्रपट आणि दुरुस्तीचे श्रम : ‘अजांत्रिक’ व ‘चलती का नाम गाडी’ यांच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

जुन्या मोटारी आणि मोटारसायकली यांच्या चाहत्यांचा चित्रपटाकडे पाहण्याचा एक स्वतंत्र डोळा असतो. इतर प्रेक्षक नायकाचा चेहरा पाहत असताना हा प्रेक्षक बॉनेटवरचे चिन्ह, दिव्यांची बैठक, चाकांच्या आऱ्या आणि नंबरपाटी पाहतो. ‘शोले’ (१९७५) मधील जय-वीरूच्या मैत्रीइतकेच त्याला त्यांच्या साइडकार जोडलेल्या बीएसए मोटारसायकलचे अप्रूप असते. या दृष्टीला हसण्याचे कारण नाही. चित्रपटातील वस्तूंकडे समीक्षेचे लक्ष फार उशिरा गेले. चाहत्यांनी मात्र ते काम आधीपासून, विनामोबदला आणि बहुतेक वेळा अचूकपणे केले आहे. तथापि या दृष्टीची एक मर्यादाही आहे. मोटार कोणत्या कंपनीची आणि कोणत्या वर्षीची, हे ती सांगते. ती मोटार इतकी वर्षे चालू कोणी ठेवली, हा प्रश्न ती क्वचितच विचारते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न १९५८ या एकाच वर्षी प्रदर्शित झालेल्या दोन भारतीय चित्रपटांना विचारला आहे : ऋत्विक घटक यांचा बंगाली ‘अजांत्रिक’ आणि सत्येन बोस यांचा हिंदी ‘चलती का नाम गाडी’. दोन्हींत मध्यवर्ती भूमिका एका जुनाट मोटारीची आहे आणि दोन्ही मोटारी शेव्हरोले आहेत.

शेव्हरोलेच का?

हा योगायोग वाटतो तितका योगायोग नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने येत आणि येथे जोडले जात. परिणामी शेव्हरोले ही संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसप्रमाणे दुर्मीळ चीज न राहता डॉक्टर, वकील, व्यापारी आणि पुढे टॅक्सीवाले यांच्या हाती आली. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना केवळ जोडणीचा धंदा पुढे चालविणे अशक्य झाले. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईतील जोडणी बंद केली.

म्हणजे हे दोन चित्रपट आले तेव्हा देशातील शेव्हरोले गाड्या चार वर्षे पोरक्या होत्या. आयातीवर निर्बंध, नव्या गाड्या मोजक्या आणि महाग, सुटे भाग दुर्मीळ. अशा वेळी गाडी चालू ठेवण्याची सारी भिस्त मेस्त्रीवर येते. भाग मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवितो, वायसर कापून घेतो, झिजलेला तुकडा लेथवर नव्याने उतरवून घेतो. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या विद्येचा पसारा वेगळा सांगावयास नको. तिची पाठ्यपुस्तके लिहिली गेली नाहीत. ती हाताकडून हाताकडे गेली. दोन्ही चित्रपटांच्या पोटात हीच विद्या आहे, मात्र तिला मिळालेली वागणूक अगदी भिन्न आहे.

छंदाचा साचा : ‘जेनेव्हिव्ह’

तुलनेसाठी प्रथम एका इंग्रजी चित्रपटाचा विचार आवश्यक ठरतो, कारण जुन्या मोटारीच्या चित्रपटाचा लोकप्रिय साचा त्यानेच घालून दिला. हेन्री कॉर्नेलियस यांचा ‘जेनेव्हिव्ह’ (१९५३) लंडन ते ब्रायटन या वार्षिक मोटारफेरीवर आधारलेला आहे. १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये मोटारींवरील वेगमर्यादा शिथिल झाली, त्या प्रसंगाची ही स्मृतिफेरी. १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच तीत प्रवेश असतो. ॲलन मॅकिम हा तरुण बॅरिस्टर आपली १९०४ ची डरॅक आणि त्याचा मित्र ॲम्ब्रोज आपली स्पायकर घेऊन फेरीत उतरतात, आणि परतीच्या वाटेवर वेस्टमिन्स्टर पूल आधी कोण गाठतो यावर शंभर पौंडांची पैज लागते. पुलाजवळ डरॅक बंद पडते, स्पायकरची चाके ट्रामच्या रुळांत अडकून ती भलत्याच दिशेला जाते आणि डरॅक आपली आपणच घरंगळत पुलावर पोचते.

चित्रपट गोड आहे आणि त्याची कीर्ती अनाठायी नाही. शर्यतीच्या ऐन घाईत एक वृद्ध गृहस्थ गाडीपाशी येऊन आपल्या तरुणपणीच्या डरॅकची आठवण सांगू लागतो आणि ॲलन थांबून ऐकतो, हा प्रसंग त्याच्या सर्व विनोदांपेक्षा अधिक टिकाऊ आहे. परंतु या जगात जुनी मोटार म्हणजे शनिवार-रविवारचा व्यवहार आहे. सोमवारी ॲलन कोर्टात जाईल. जेनेव्हिव्ह बंद पडली तर त्याचे जेवण बंद पडणार नाही. दुरुस्तीने त्याचे हात काळे होतात, पण ते हौसेने. या चित्रपटाने जुन्या मोटारींच्या छंदाला मोठी लोकप्रियता मिळवून दिली आणि त्याचबरोबर जुनी मोटार ही फावल्या वेळातील वस्तू आहे ही समजूतही रुजविली. भारतातील जुन्या मोटारींच्या फेऱ्यांचे वर्तमानपत्री वृत्तांत आजही याच साच्यात लिहिले जातात : राजेशाही थाट, चकाकते पितळ, मालकाची मुलाखत. मेस्त्री छायाचित्राच्या चौकटीबाहेर.

गॅरेज : एक रंगमंच

‘चलती का नाम गाडी’ची कथा सर्वपरिचित आहे. ब्रिजमोहन, जगमोहन आणि मनमोहन हे तीन भाऊ मुंबईत गॅरेज चालवितात. भूमिका अशोककुमार, अनूपकुमार व किशोरकुमार या प्रत्यक्षातील भावांच्याच आहेत. पावसाळी रात्री रेणू (मधुबाला) बंद पडलेली गाडी घेऊन येते. मनमोहन ती दुरुस्त करतो. ती पाच रुपये बारा आणे न देताच निघून जाते आणि त्या वसुलीतून प्रेमकथा सुरू होते. भावांची स्वतःची गाडी म्हणजे १९२८ ची शेव्हरोले म्हणून ओळखली जाणारी उघडी, खिळखिळी मोटार.

या चित्रपटाला निव्वळ धमाल म्हणून बाजूला ठेवण्याची समीक्षेची सवय बदलण्याजोगी आहे. मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपटाने मेस्त्रीला नायक केले आणि त्याच्या मजुरीला कथेचे कारण केले, ही लहान गोष्ट नाही. पाच रुपये बारा आणे ही रक्कम विनोदी वाटते ती तिच्या काटेकोरपणामुळे. पण मेस्त्रीच्या अर्थव्यवहारात बारा आण्यांना अर्थ असतो, आणि रेणूच्या घराच्या पायरीवर तो अर्थ हरवतो. मालकवर्गाच्या लेखी दुरुस्तीचे पैसे ही विसरण्याजोगी बाब आहे, हे चित्रपट हसत हसत सांगून जातो. गुरुदत्त यांच्या ‘आरपार’ (१९५४) मध्येही गॅरेज आणि टॅक्सी आहेत, पण तेथे ते नायकाच्या वाटेवरचे मुक्काम आहेत. येथे गॅरेज हेच घर आहे.

तरीही उणीव स्पष्ट आहे. या गॅरेजमध्ये काम जवळजवळ दिसत नाही. पाने, टायर, ग्रीसचे डबे हे नृत्यासाठी आणि ठेक्यासाठी आहेत. सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि किशोरकुमारांची देहबोली यांनी गॅरेजचे नाट्यगृह करून टाकले आहे. जुनी गाडी मुंबईच्या रस्त्यांवरून गाणी म्हणत फिरते, पुढे मोटारशर्यतीतही उतरते, पण तिचे जुनेपण कोणाला महागात पडत नाही. ती बिघडते ती विनोदापुरती. ज्येष्ठ बंधूच्या स्त्रीद्वेषाचे कथानक गाडीच्या कथानकावर इतके पसरले आहे की उत्तरार्धात खलनायकाच्या हवेलीत शिरल्यावर चित्रपट गॅरेज विसरूनच जातो. तेवढा भाग आज पाहताना घड्याळाकडे लक्ष जाते.

जगद्दल

‘अजांत्रिक’ सुबोध घोष यांच्या त्याच नावाच्या कथेवर आधारलेला आहे. बिमल (काली बॅनर्जी) हा छोटा नागपूरच्या पठारावरील एका लहान गावातला टॅक्सीवाला. त्याला घर नाही, कुटुंब नाही. आहे ती १९२० च्या बनावटीची, छप्पर फाटलेली शेव्हरोले. तिचे नाव जगद्दल. बंगालीत हा शब्द जागचा न हलणाऱ्या अवजड दगडासाठी वापरला जातो. चालणाऱ्या वस्तूला हे नाव देण्यात जेवढी थट्टा आहे तेवढीच ममताही. मराठीत या गाडीविषयी लिहिताना एक अडचण येते. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही. मराठीत ‘गाडी’ स्त्रीलिंगी आणि ‘जगद्दल’ पुल्लिंगी. जगद्दल आला म्हणावे की आली? बिमलचा सहचर, मुलगा, प्रेयसी आणि अन्नदाता या साऱ्या जागा एकच वस्तू अडवून बसली असल्यामुळे ही अडचण केवळ व्याकरणाची राहत नाही.

घटकांनी जगद्दलला चेहरा दिलेला नाही. पुढे परदेशी बालचित्रपटांतून डोळे मिचकावणाऱ्या बोलक्या मोटारी आल्या, तसा हा प्रकार नव्हे. जगद्दलचे व्यक्तित्व मुख्यत्वे आवाजातून घडते. तापलेल्या रेडिएटरमध्ये बिमल पाणी ओततो तेव्हा तहानलेल्या जनावराने घोट घ्यावेत तसा आवाज येतो. दिवा आपोआप वळतो, हॉर्न कण्हतो. हे आवाज वास्तव आणि भास यांच्या सीमेवर ठेवले आहेत : ते गाडीचे आहेत की बिमलच्या कानांतले, याचा निवाडा चित्रपट करीत नाही. अली अकबर खाँ यांचे संगीत या आवाजांना वेढते, पण त्यांच्यावर कुरघोडी करीत नाही. मोटारींच्या चाहत्यांनी या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे ऐकावे. जुन्या गाडीचा मेस्त्री निदान कानानेच करतो, ही गोष्ट पडद्यावर इतक्या नेमकेपणाने अन्यत्र क्वचितच आली असेल.

बिमलच्या प्रेमाला हिशेब आहे, आणि येथेच घटक ‘जेनेव्हिव्ह’पासून दूर जातात. गावकरी हसतात, इतर टॅक्सीवाले टोमणे मारतात, तेव्हा बिमल भावनेची भाषा बोलत नाही, कमाईची बोलतो. आई वारली त्या वर्षी जगद्दल आली आणि तेव्हापासून रोजची भाकरी तिनेच दिली, हे तिच्या बाजूचे त्याचे मुख्य म्हणणे आहे. तिच्या तेल-पाण्याचा खर्च तो स्वतःच्या पोटाआधी करतो. ही हौस नव्हे. ही दोन कष्टकऱ्यांची भागीदारी आहे, ज्यांतील एक लोखंडाचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात बैलपोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणारा शेतकरी ज्या भावनेने ते करतो, तिच्याशी बिमलची भावना जुळते. नंतर बैल विकावा लागतो, तोही व्यवहार याच नात्यात येतो.

भागीदारीला तडा जातो तो एका स्त्रीच्या येण्याने. प्रियकराबरोबर पळून आलेली तरुणी बिमलच्या गाडीतून प्रवास करते. पुढे तो तिला टाकून जातो. बिमलचे मन प्रथमच गाडीखेरीज दुसऱ्या कोणासाठी हलते आणि नेमकी त्याच वेळी जगद्दल दगा देते. यास मत्सर म्हणावे अशी सोय चित्रपटाने ठेवली आहे. परंतु यंत्रशास्त्राच्या बाजूनेही हा प्रसंग पूर्ण उभा राहतो : झिजलेले इंजिन ताण पडल्यावर बसते. दोन्ही अर्थ शेजारी राहू देणे, ही घटकांची ताकद आहे. त्यानंतर बिमल साठवलेला पैसा नव्या भागांवर ओततो. दुरुस्त झालेल्या गाडीवर त्याचा विश्वास बसत नाही. तो तिच्यात दगड लादून तिची परीक्षा घेतो. जगद्दल म्हणजे दगड, हे नाव येथे अक्षरशः खरे होते. गाडी पुन्हा उठत नाही.

मोटार-पुनरुज्जीवनाच्या चर्चेत हा प्रसंग विचारात घेतला जावा. भाग बदलले म्हणजे गाडी वाचली, असे बिमलला वाटत होते. परंतु जुन्या भागांनी एकमेकांची झीज सांभाळून जी तडजोड केलेली असते ती नव्या भागाने मोडते. नवा पिस्टन जुन्या बोअरशी जुळवून घेत नाही. मेस्त्री याला साधे कारण देतात. घटकांच्या हाती ते शोकांतिकेचे कारण होते. बिमलने गाडीवर प्रेम केले, पण अखेरीस तिच्याकडून तरुणपणाची मागणी केली.

अखेर जगद्दल भंगारवाल्याला विकली जाते. तोडलेले भाग गाड्यावर लादून नेले जातात. बिमल पाहत उभा असतो आणि हॉर्नचा ओळखीचा आवाज येतो : एक लहान मूल तो जुना हॉर्न वाजवून खेळत असते. बिमलच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू एकदमच येते. हा शेवट भावविवश म्हणून टाळणारे समीक्षक आहेत. परंतु त्याच्या आधी घटकांनी गावातील वेड्याचा धागा विणला आहे. जुन्या भांड्याला जिवापाड जपणारा हा वेडा नवे चकाकते भांडे मिळताच जुने विसरतो. हा धागा ध्यानात घेतला की हॉर्नचा प्रसंग सांत्वन राहत नाही. मुलाला जगद्दल ठाऊक नाही. त्याच्या हातात आवाज आहे, इतिहास नाही.

दोष दाखवावयाचा तर तो उराँव आदिवासींच्या नृत्यदृश्यांचा दाखवावा लागेल. जन्म, लग्न, मृत्यू यांना सजीव-निर्जीव असा भेद न करता सामावून घेणाऱ्या जीवनदृष्टीशी बिमलचे नाते जोडावे, हा घटकांचा हेतू उघड आहे आणि तो प्रामाणिकही आहे. पण ती माणसे चित्रपटात समूह म्हणूनच येतात. त्यांच्यापैकी कोणी बिमलशी भाडे ठरवीत नाही, भांडत नाही, गाडी ढकलीत नाही. ज्या चित्रपटात एका मोटारीलाही स्वतःचे नाव आहे, त्यात ही उणीव डोळ्यांत भरते.

घटक पुढे पुण्याच्या चित्रपट संस्थेत उपप्राचार्य म्हणून आले आणि मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. महाराष्ट्रातील चित्रपट-मंडळांच्या पिढीला ‘अजांत्रिक’ परिचित झाला तो या वाटेने. तरीही मराठी लेखनात त्याची चर्चा ‘मानव आणि यंत्र’ या मोघम शीर्षकाखाली अधिक झाली. यंत्र कोणते, कितव्या हाती आलेले, त्याचा भाग कोठे मिळे, हे प्रश्न बाजूला राहिले. म्हणजे चाहत्याला गाडी दिसली, माणूस निसटला. समीक्षकाला माणूस दिसला, गाडी निसटली.

अनामिक हात

मेस्त्रीचे अदृश्य होणे ही केवळ भारतीय गोष्ट नाही. ‘इझी रायडर’ (१९६९) मधील लांब फोर्कच्या, टाकीवर अमेरिकी ध्वज रंगविलेल्या हार्ले-डेव्हिडसनने मोटारसायकल-संस्कृतीला तिचे सर्वांत ओळखीचे चित्र दिले. त्या गाड्या पोलिसांच्या जुन्या हार्ले घेऊन घडविल्या होत्या क्लिफर्ड व्हॉन आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांनी. व्हॉन हे नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते व छायाचित्रकारही होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या दोघांची नावे नव्हती आणि कित्येक दशके त्यांचे श्रेय सार्वत्रिक झाले नाही. २०१४ मध्ये त्यांतील एक म्हणून सांगितली गेलेली मोटारसायकल १३ लाख ५० हजार डॉलरला लिलावात गेली. तिच्या अस्सलपणाविषयी तेव्हाच वाद झाला. वाद गाडी अस्सल की नक्कल याचा होता. ज्यांच्या हातांनी मूळ अस्सल घडले होते, त्यांची नावे त्या किमतीत कोठेच धरलेली नव्हती.

याउलट वॉल्टर सॅलेस यांच्या ‘द मोटरसायकल डायरीज’ (२००४) मध्ये १९३९ ची नॉर्टन अर्ध्या वाटेत कायमची बंद पडते आणि तेथून पुढेच दोघा प्रवाशांना माणसे दिसू लागतात. गाडीचे ‘ला पोदेरोसा’, म्हणजे ‘बलशाली’, हे नाव जगद्दलच्या उलट टोकाचे. चाहत्यांना हा चित्रपट पूर्वार्धापुरता आवडतो असे आढळते, ते स्वाभाविक आहे.

नियमातील ‘विंटेज’

हा प्रश्न केवळ रसग्रहणाचा नाही, कारण जुनी मोटार म्हणजे काय हे आता कायद्यानेही ठरविले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते; नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. हौशी संग्राहकांना या नियमांनी दिलासा दिला हे मान्य करावे लागेल. भंगारनीतीच्या काळात निदान काही गाड्यांना अभय मिळाले.

परंतु या व्याख्येच्या फुटपट्टीने जगद्दल मोजली तर ती प्रत्येक अटीवर नापास होते. ती टॅक्सी होती, रोज चालत होती आणि मिळेल त्या भागाने दुरुस्त होत होती. ‘मूळ स्वरूप’ टिकविणे शक्य असते ते गाडी वापरावी लागत नाही त्याला. वापरणाऱ्याच्या गाडीत प्रत्येक दुरुस्तीने मूळ स्वरूप थोडे कमी होते आणि आयुष्य थोडे वाढते. नियमाने या दोहोंतून स्वरूप निवडले आहे. म्हणजे कायद्याने जतन होणार ती ॲलन मॅकिमची गाडी, बिमलची नव्हे.

मुंबईला याचा अनुभव नुकताच आला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने हिंदी व मराठी चित्रपटांच्या पार्श्वभूमीला अनेक दशके धावत राहिली. मिलन लुथ्रिया यांच्या ‘टॅक्सी नं. ९२११’ (२००६) मध्ये तर तिला कथानकातच जागा मिळाली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची २० वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. नियमाच्या हिशेबाने ‘विंटेज’ म्हणविण्यासाठी तिला २०५३ पर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर तिचे इंजिन बदललेले असता कामा नये.